मध्यंतरात उठून जाणाऱ्याची बाजू

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका छोट्या नाट्यगृहात एक असंगत नाटक पाहिलं, म्हणजे ज्यात घटनांचा नेहमीचा मेळ लागत नाही असं. नाटकाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही. रंगमंचावर एक टेबल, टेबलामागे कारकून, समोर एक म्हातारा. म्हातारा पेन्शनसाठी हयातीचा दाखला घेऊन आलाय आणि कारकून डबा खातोय. दाखल्यावर सही आहे, फोटो आहे, शिक्का आहे. "पण तुम्ही हयात आहात कशावरून?" म्हातारा मोठा श्वास घेऊन दाखवतो. कारकून म्हणतो, "हा आत्ताचा झाला. दाखला एक तारखेपासून लागतो." मग म्हातारा उड्या मारतो, शाळेतली कविता म्हणतो, स्वतःला चिमटा काढून ओरडतो. कारकून शांतपणे पोळीचा तुकडा मोडतो. डबा संपतच नाही. चाळीसेक मिनिटं हे एवढंच. मग दिवे लागले, मध्यंतर.

बाहेर चहाच्या टेबलाशी नेहमीसारखे दोन तट पडले. एक दाढीवाला तरुण मैत्रिणीला अस्तित्वाच्या निरर्थकतेबद्दल सांगत होता, तीही मान डोलवत होती, चहा मात्र गार होत होता. माझ्या शेजारच्या खुर्चीतले काका, वय सत्तरीच्या पुढचं, कपाळाला आठ्या घालून उभे होते. "अहो, हे मी दर नोव्हेंबरात बँकेत करतो," ते मला म्हणाले. "फुकटात. इथं दोघांचे सहाशे रुपये मोजले." काकू म्हणाल्या, "अहो, पण तो डबा बघितलात का? मगापासून तीच भेंडी आहे." तिसरी घंटा झाली. काकू आत गेल्या. काका गेले नाहीत.

प्रयोग संपल्यावर ज्या चर्चा कानावर पडल्या त्यांत काकांसारख्या लोकांचा निकाल दोन वाक्यांत लागला होता: त्यांना कळलं नाही, आपला प्रेक्षक अजून तयार नाही. नाटक न आवडलेल्यांनी उलट निकाल दिला: सगळं थोतांड आहे, काहीही करायचं आणि त्याला प्रायोगिक म्हणायचं. मला दोन्ही निकाल मान्य नाहीत, पण जास्त राग पहिल्याचा आहे. काकांना नाटक कळलं नव्हतं असं म्हणणाऱ्यानं काकांचं बोलणं नीट ऐकलेलंच नाही. त्या संध्याकाळी सभागृहात नाटकाचा विषय सगळ्यांत अचूक कुणी सांगितला असेल तर तो काकांनी. रांगेत उभं राहून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, ही गोष्ट त्या दाढीवाल्यासाठी कल्पना होती. काकांसाठी ती दर वर्षाची फेरी होती. त्यांचा आक्षेप असा होता की हे मला माहीत आहे, मग तुम्ही मला नवीन काय देताय? हा आक्षेप चूक असेल, पण तो अडाणीपणाचा खचितच नाही.

"डोक्यावरून गेलं" हा आपल्याकडचा फार सोयीचा वाक्प्रचार आहे. त्याच्या पोटात निदान चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. कधी खरंच काही उलगडलेलं नसतं. कधी उलगडलेलं असतं, पण ते नको असतं. कधी माणूस थकून आलेला असतो आणि त्याला गोष्ट हवी असते, सुरुवात आणि शेवट असलेली. आणि कधी तो भिडस्त असतो, "नाटक वाईट होतं" म्हणायचा धीर होत नाही, म्हणून दोष स्वतःच्या डोक्यावर घेतो. या चौथ्या माणसाचं मला नेहमी वाईट वाटतं. वाईट स्वयंपाकाला तो वाईट म्हणतो, पंचाच्या वाईट निर्णयाला तर शिव्या घालतो. नाटकापुढे मात्र त्याची दातखीळ बसते. असं का होतं, याचा एक धागा सत्तर वर्षांपूर्वीच्या परदेशी घडामोडींत सापडतो.

आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' हे गाजलेलं असंगत नाटक पहिल्यांदा पॅरिसला जानेवारी १९५३ मध्ये झालं. दोन भटके एका झाडापाशी कुणा गोदोची वाट पाहतात. तो येत नाही. एक पोरगा येऊन सांगतो, आज नाही, उद्या नक्की. दुसऱ्या अंकात झाडाला थोडी पानं फुटलेली असतात, बाकी सगळं तेच. ऑगस्ट १९५५ मध्ये लंडनच्या आर्ट्स थिएटरात चोवीस वर्षांच्या पीटर हॉलनं ते इंग्रजीत बसवलं. पहिल्या प्रयोगात लोक उठून गेले, दैनिकांनी नाकं मुरडली. मग त्याच आठवड्याच्या रविवारी 'ऑब्झर्व्हर'मध्ये केनेथ टायनननं आणि 'संडे टाइम्स'मध्ये हॅरल्ड हॉब्सननं, या दोन समीक्षकांनी, नाटकाची पाठराखण केली आणि वारं फिरलं. सप्टेंबरात ते क्रायटेरियन या मोठ्या नाट्यगृहात गेलं. ही गोष्ट नाटकवाले मोठ्या हौसेनं सांगतात, कारण तिच्यात उठून जाणारे मूर्ख ठरतात.

पण पुढच्या वर्षी अमेरिकेत जे झालं ते मला जास्त बोलकं वाटतं. जानेवारी १९५६ मध्ये मायामीच्या कोकोनट ग्रोव्ह प्लेहाउसमध्ये 'गोदो' लागलं. बर्ट लार आणि टॉम यूएल हे दोन लोकप्रिय विनोदी नट घेतले आणि जाहिरात केली की दोन खंडांना हसवणारं सनसनाटी नाटक येतंय. सुट्टीवर आलेली माणसं नटूनथटून हसायला आली आणि दुसरा अंक सुरू व्हायच्या आत खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रयोगासाठी निर्माता मायकल मायरबर्गनं तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यावं तसं केलं. त्यानं जाहिरातीतून सांगितलं की नुसत्या करमणुकीसाठी येणाऱ्यांनी तिकीट काढूच नये, मला सत्तर हजार बुद्धिवंत हवेत.

मायामीच्या जाहिरातीनं लोकांना फसवलं हे उघड आहे. न्यूयॉर्कच्या जाहिरातीनं केलेलं नुकसान दिसत नाही, पण माझ्या मते ते जास्त मोठं होतं. कारण तिथून नाटक न आवडणं ही आवडीनिवडीची बाब राहिली नाही, ती परीक्षा झाली. आवडलं तर तुम्ही सत्तर हजारांतले, नाही तर बाकीच्यांतले. हा न्यूनगंड आपल्याकडेही आहे. नाटक संपल्यावर बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघा. पहिली दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही, समोरचा काय म्हणतो त्याचा अंदाज घेत असतात.

आणि या परीक्षेची खरी फजिती केली ती कैद्यांनी. १९ नोव्हेंबर १९५७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲक्टर्स वर्कशॉप या मंडळींनी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांपुढे 'गोदो' केलं. नाटक निवडण्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं, त्यात बाईचं पात्र नाही. त्या तुरुंगात १९१३ नंतर नाटक झालेलं नव्हतं. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ आणि नट धास्तावलेले होते. कैद्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. नंतर एक म्हणाला गोदो म्हणजे समाज, दुसरा म्हणाला बाहेरचं जग. वाट पाहणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. रिक क्लची नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याला तर त्या रात्री प्रयोगाला बसायची परवानगीसुद्धा नव्हती. त्यानं कोठडीतून नुसतं ऐकलं. पुढे त्यानं तुरुंगातच नाटकमंडळी उभी केली आणि सुटल्यावर खुद्द बेकेटबरोबर काम केलं.

आता कुणी म्हणेल, कैद्यांना कळलं कारण त्यांनी ते भोगलं होतं. मग काकांनीही भोगलं होतं, ते का उठले? मला वाटतं, फरक भोगण्यात नाही, यायच्या रस्त्यात आहे. कैद्यांना कुणी काही कबूल केलेलं नव्हतं. काकांना केलं होतं. मी घरी येऊन त्या नाटकाची वर्तमानपत्रातली जाहिरात पुन्हा पाहिली. 'निवृत्तांच्या व्यथेवर खुसखुशीत विनोदी नाटक!' शेवटी उद्गारचिन्ह. सत्तरीतल्या माणसानं हे वाचून बायकोला म्हटलं असणार, चल, जरा हसून येऊ. त्याला हसायला बोलावलं आणि त्याच्यापुढे त्याचीच नोव्हेंबरातली रांग आणून ठेवली. त्यानं उठू नये तर काय करावं?

असंगत नाटक आपल्या मातीतलं नाही, पाश्चात्त्यांच्या महायुद्धानंतरच्या नैराश्याचं ते कलम आहे, अशीही तक्रार ऐकू येते. ती अर्धी खरी आहे. 'न-नाट्य', 'असंगत नाट्य' हे शब्द आपण साठोत्तरी काळात घडवले, तेही तिकडचं वाचून. पण असंगताची सवय आपल्याला त्याच्या कितीतरी आधीची. 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी' असं मुक्ताबाईनं सातशे वर्षांपूर्वी म्हणून ठेवलं. पुढे वांझेला पोर होतं, माशी विते आणि तिची घार होते. माझी आजी हे भजनात टाळावर म्हणायची. मुंगीनं सूर्य कसा गिळला, असं तिला कधी कुणी अडवून विचारलं नाही आणि विचारलं असतं तर तिनं टाळ थांबवला नसता. भारुडात बाप्या साडी नेसून येतो, सासू-सासऱ्यांचं गाऱ्हाणं थेट देवीपुढे घालतो आणि लोक हसता हसता हात जोडतात. वगातला सोंगाड्या राजाशी बोलता बोलता मध्येच गावच्या पाटलाची टोपी उडवतो. मग हाच माणूस नाट्यगृहातल्या खुर्चीत बसला की 'याचा अर्थ काय?' म्हणून का अडतो?

कारण भजनात आणि भारुडात त्याला आत शिरायला दार असतं. ठेका ओळखीचा, चाल ओळखीची, सोंग ओळखीचं. एकदा आत आला की तिथं मुंगी सूर्य गिळो, नाहीतर सूर्य मुंगी.

आपल्या नाटककारांपैकी ज्यांनी हे ओळखलं त्यांची नाटकं टिकली. सतीश आळेकरांचं १९७४ चं 'महानिर्वाण' घ्या. चाळीतले भाऊराव मेलेत आणि मेलेले भाऊरावच उभं राहून स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतात. त्यांना जाळून घ्यायचंय ते जुन्याच स्मशानात, पण जुनं स्मशान बंद होतंय. इकडे प्रेत ताटकळलंय, तिकडे विधवा झालेल्या रमाबाईंची नजर खांदा द्यायला आलेल्यांतल्या 'डावीकडून तिसऱ्या'वर गेलीय. कागदावर हे सगळं पॅरिसच्या कुठल्याही असंगत नाटकाइतकंच विक्षिप्त आहे. पण कीर्तन सुरू झालं की पुणेरी माणसाला आपण कुठे आलोय ते कळतं. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, त्याच्या हाडीमाशी असतो. त्यानंतर जो धक्का बसतो तो न कळल्याचा नसतो, नको इतकं कळल्याचा असतो. सुतकातही माणसांना चहा लागतो, खांदेकऱ्यांची मोजणी होते, हे ज्यानं घरात पाहिलंय त्याला हसू येताना लाज वाटते. एकाच ओळीत बसलेल्या दोन भावांपैकी एक हसेल आणि एक उठून जाईल, बाप दोघांचा तोच असला तरी.

'बेगम बर्वे' (१९७९) तर याहून अवघड. संगीत नाटकांत फुटकळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकून जगणारा बर्वे आणि त्याच्या स्वप्नात शिरलेले दोन कारकून. स्वप्न कुणाचं आणि कधी संपलं याचा पत्ता लागत नाही. पण आत नाट्यपदं आहेत आणि त्या पदांना धरून माणूस चालत राहतो. बर्व्याचं काम करणाऱ्या चंद्रकांत काळे यांचा गाता आवाज हे त्या नाटकाचं दार होतं.

याउलट एकांकिका स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्या मी पुष्कळ बसून काढल्या आहेत. तिथं एक ठरलेला नमुना असतो. मोकळा रंगमंच, काळे कपडे, 'अ' आणि 'ब' नावाची पात्रं, वरून लटकणारा दोर किंवा एखादी रिकामी चौकट, आणि 'आपण कोण आहोत?' हा प्रश्न सहा वेळा. त्यातल्या 'अ'ला पेन्शन नाही, भाडं थकलेलं नाही, सासुरवाडी नाही, त्याच्या डब्यात भेंडी नाही. परीक्षकाच्या कागदावर 'धाडसी प्रयत्न' लिहून येतं आणि तो मुलगा समजून चालतो की प्रेक्षक गोंधळला म्हणजे आपण बेकेट झालो. असंगत नाटकाला साध्या नाटकापेक्षा काटेकोरपणा जास्त लागतो. कारकुनाचा डबा चाळीस मिनिटं संपत नाही हे तेव्हाच हसवतं, जेव्हा दर घासाला पोळी तेवढीच मोडली जाते. एकदा जरी नटाचा हात चुकला तरी ते नुसतं रेंगाळणं होतं. ज्या नाटकवाल्याला 'लोकांना कळत नाही' असं म्हणायचंय, त्यानं आधी आपल्या तालमीत कुणी घास मोजले होते का ते सांगावं.

दुभंगलेल्या सभागृहाबद्दल मात्र मला काळजी वाटत नाही, उलट बरं वाटतं. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली तिनं मराठी नाटकाला काय दिलं ते पुन्हा सांगायला नको. अशा छोट्या जागा नसत्या तर वेगळ्या वाटेचं कितीतरी लेखन वहीतच राहिलं असतं. पण त्या चळवळीचा एक परिणाम असाही झाला की प्रायोगिक आणि व्यावसायिक यांच्यामध्ये भिंत पक्की झाली. भिंतीच्या अलीकडे तेच दीडशे ओळखीचे चेहरे, एकमेकांच्या प्रयोगाला जाणारे, एकमेकांना 'छान झालं रे' म्हणणारे. तिथं उठून जाणारा कुणी उरलाच नाही, कारण तसा माणूस मुळात यायचाच बंद झाला. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'च्या वेळचं भांडण वेगळं होतं, तिथं नाना फडणवीसांच्या चित्रणावरून पक्ष पडले होते आणि कोण कुठल्या पक्षात हे आधीच सांगता येत होतं. असंगत नाटक जी फूट पाडतं ती नवराबायकोच्या मधून जाते. ती पडायला सभागृहात दोन्ही प्रकारची माणसं हवीत. काका आले, तिकीट काढून आले, चिडले. ओळखीच्या दीडशे जणांच्या टाळ्यांपेक्षा त्या संस्थेनं काकांच्या चिडण्याला जास्त किंमत द्यायला हवी होती.

हल्ली प्रयोगानंतर उभं राहून टाळ्या वाजवायची नवी रीत पडली आहे. पुढची रांग उठली की मागच्याला नटच दिसत नाहीत, म्हणून तोही उठतो, आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं, प्रेक्षकांची उभं राहून दाद. मीही उठलोय असा, दोनदा तरी. आवडलं नव्हतं तरी. मध्यंतरात घरी गेलेला माणूस त्या दोन्ही दिवशी माझ्यापेक्षा प्रामाणिक होता.

मग काय करायचं? माझी मागणी फार छोटी आहे. जाहिरातीत खरं लिहा. 'या नाटकात एक माणूस दाखला देतो आणि एक माणूस डबा खातो, दोन तास' असं लिहिलं असतं तर काका कदाचित आले नसते, कदाचित आलेही असते आणि मग बसले असते. आणि प्रयोगानंतरच्या चर्चेत दिग्दर्शकानं अर्थ सांगत बसू नये. गोदो कोण, हे माहीत असतं तर नाटकातच सांगितलं असतं, अशा अर्थाचं बेकेट म्हणत असे, ते त्याला शोभून दिसलं. चर्चेत प्रेक्षकानं आपली नोव्हेंबरातली रांग सांगावी, दिग्दर्शकानं ऐकावं. त्या दिवशीच्या चर्चेत दाढीवाला तरुण वीस मिनिटं बोलला. तीस-पस्तीस पेन्शनर बसलेले होते. त्यांतल्या एकालाही कुणी माईक दिला नाही.

मी चर्चा अर्धी सोडून बाहेर आलो. (म्हणजे उठून जाणाऱ्यांत मीही निघालो.) नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर काका बसलेले होते. मांडीवर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर वड्याचा चुरा. इतका वेळ ते घरी गेले नव्हते, काकूंसाठी थांबले होते. काकू माझ्या मागोमाग आल्या, स्वेटरची बटणं लावत. काका उठले, कागदाची घडी केली, गुडघ्यावरचा चुरा झटकला. दोघं पार्किंगकडे चालू लागले. चार पावलं गेल्यावर काकांनी विचारलं,

"मग? घेतला का त्यानं दाखला?"

"कुठला! उद्या या म्हणाला."

"हं," काका म्हणाले. "आणि डबा?"